शंभर पावलाला एक टिपका

अंजनाचं डोकं तापलं की आदी तिच्या नाकाचा शेंडा लाल व्हायचा. त्या दिशी कराडच्या दवाखान्यात तो टमाट्यागत झाला व्हता.

"डाक्टर, सुई?"

"सुई नाही लागत."

"मग गोळ्या?"

"सध्या नाहीत."

"बाटली तरी?"

"बाळ, बाटलीही नाही," डाक्टर म्हणला आन् टेबलावरच्या चिठ्ठीवर लिवायला लागला.

आता ह्याला काय म्हणायचं? फाट्यावर दोन तास यष्टीची वाट बघायची, बापाला दंडाला धरून आत कोंबायचं, कराडपतूर एका पायावर उभं ऱ्हायचं, आन् डाक्टर सुई बी टोचत न्हाई! रिकाम्या दंडानं गावात जायचं तरी कसं? लोकं पयलं दंडच बघत्यात.

बाप म्हंजी हंबीरराव. मिलट्रीतनं हवालदार हुद्द्यावर पेन्शनीत आलेला सहा फुटी गडी. आई जाऊन तीन वर्सं झालेली, तिच्या माघारी घरात ही दोघंच. त्येला ना ताप ना खोकला. श्रावणात एक दिस तो सकाळी उठला न्हाई, दुसऱ्या दिशी बी न्हाई, आन् मग भिंतीकडं तोंड करून पडायची सवयच लागली. काय हुतंय म्हणून इचारलं तर एकच, "काय न्हाई. उठू वाटत न्हाई."

डाक्टरनं चिठ्ठी अंजनाच्या हातात दिली. "मन थकलंय त्यांचं. हे रोज करायचं, महिनाभर. सगळं जमलं नाही त्या दिवशी अर्धं करायचं. फरक नाही पडला तर मग गोळ्या बघू. आणि हे बघ, रागवायचं नाही." शेवटचं वाक्य बोलताना त्येनं चष्म्यावरनं नेमकं तिच्या नाकाच्या शेंड्याकडंच बघितलं.

अंजनाला वाचता येत व्हतं. आठवीत मास्तरनं तिच्या बापाला 'बंदूकवाला ढ' म्हणल्यावर तिनं मास्तरच्या पांढऱ्या धोतरावर शाईची दौत उपडी केली, तवापासनं शाळेचा आन् तिचा संबंध सुटला. पर तोवर जेवढं शिकली व्हती तेवढं पक्कं व्हतं. चिठ्ठीत लिवलं व्हतं: उठल्यावर अंथरूण घडी घालणे. अंघोळ, दाढी. एका झाडाला पाणी घालणे. दोन हजार पावलं चालणे. एका माणसाशी बोलणे.

घरी आल्यावर वरल्या आळीतनं आल्याल्या साळूबाई आत्तीनं ती चिठ्ठी उलटी-पालटी करून बघितली. तिला वाचता येत न्हवतं, पर उलटी-पालटी करताना तोंड मातर शिकल्यालं असायचं. अंजनानं वाचून दावल्यावर आत्तीनं कपाळावर हात मारला.

"आंथरूण घडी घाला, आंगूळ करा, झाडाला पाणी घाला... आगं ह्यो डाक्टर हाय का सासू? ह्येच्यासाठी कराड कशाला? मी रोज फुकट सांगतीया!"

"आत्ती, शिकल्याला माणूस हाय त्यो."

"शिकला आसंल. मला हंबीरचं औषद ठावं हाय. घरात मांडव पडला, वाजंत्री वाजली की ह्यो टुणकन उठंल. तुळशीचं लगीन झालं की तुजं उरकायचं. म्हसवडाकडचं एक ठिकाण बघून ठिवलंय मी."

म्हंजी बघा, आजारी बाप आन् औषद घ्यायचं पोरीनं! अंजनाचा शेंडा परत लाल झाला. पर ह्या बारीला तिनं दौत शोधली न्हाई. ती म्हणली, "आत्ती, तुळशीच्या लग्नापतूर तात्या सोताच्या पायानं गावात हिंडलं, आन् एकदा तरी दात दिसंस्तोर हसलं, तर दोन वर्सं माज्या लग्नाचं नाव काढायचं न्हाई. म्हण, सिद्धनाथाची आण."

आत्तीनं भिताडाकडं तोंड करून पडल्याल्या भावाच्या पाठीकडं बघितलं. ती पाठ काय तुळशीच्या लग्नापतूर हसंल असं वाटत न्हवतं.

"सिद्धनाथाची आण," आत्ती म्हणली.

दुसऱ्या दिशी पाटं अंजनानं चिठ्ठीतलं पयलं काम काढलं. "तात्या, उठा. आंथरूण."

"ऱ्हाऊ दे."

"तात्या, उठा."

"आगं..."

पुन्यांदा 'उठा' म्हणायच्या ऐवजी तिनं वाकळंचं टोक धरलं आन् वढलं. हवालदार भुईवर आला. रागवायचं न्हाई असं डाक्टरनं सांगितलं व्हतं, वढायचं न्हाई असं कुठं सांगितलं व्हतं?

आता वाकळ भुईवर आन् माणूस बी भुईवर म्हणल्यावर घडी घालण्यावाचून सुटका न्हवती. पर घडी घालायला बसला तर ती मिलट्रीची घडी. कोपऱ्याला कोपरा, काठाला काठ, वर मुठीनं ठोकून. वाकळंची अशी चौकोनी इट झाली की शेजारची रंगुबाई बघाय आली. एका घडीला पाऊण तास लागला आन् मग हवालदार दमून त्या घडीवरच आडवा झाला. पयल्या दिशी अर्धी यादी बी न्हाई, पाव यादी झाली. अंजनानं ती पाव बी बोटावर मोजून घितली.

आठ दिसांत आंगूळ आली, पंधरा दिसांत दाढी. दाढी म्हंजी न्हावी बोलवायचा न्हाई, मिलट्रीतला वस्तरा व्हता, सोताच करायची. पर आमच्याकडं दाढी आठवड्यातनं एकदा, बाजाराच्या दिशी. रोज सकाळी गुळगुळीत गाल, भांग पाडल्याला, परसातल्या कडीपत्त्याला तांब्यानं पाणी घालत उभा, असा रंडका माणूस गावानं बघितला आन् गाव म्हणलं, दुसरं लगीन करतोय! दोन दिसांत तीन बायकांनी अंजनाला 'नवी आई कुठली गं?' म्हणून इचारलं. चौथीनं इचारल्यावर अंजनानं तिच्या घागरीत माती टाकली.

पर खरी फजिती चालण्यानं झाली.

शेरगावात माणूस उगीच चालत आसंल. आमच्या गावात उगीच चालायची सोय न्हाई. घराभायेर पाय टाकला की पयल्या दारातनं, "कुठं निघाला, हवालदार?" आता ह्येला उत्तर पायजे. मळ्यात, गिरणीवर, सोसायटीत, कायतरी. "कुठं न्हाई, असंच," असं म्हणून भागत न्हाई. 'असंच' म्हणणारा एकतर चोरीला निघाल्याला असतो, न्हाईतर भांडून. हवालदार पयल्या दिशी 'असंच' म्हणला तर गुंडाआप्पानं त्येला धरून वट्ट्यावर बसिवला आन् अर्धा तास इचारलं, "अंजी काय बोलली का? का साळूबाय?" सत्तर पावलात चालणं आटपलं.

शेजारी म्हणून गुंडाआप्पासारखा माणूस न्हाई. दुसऱ्याच्या घरात काय शिजतंय ते सोताच्या घरात मीठ घालायच्या आदी त्येला कळायचं.

अंजनानं इचार केला. ह्या गावात कोणत्या माणसाला 'कुठं निघाला' म्हणून इचारत न्हाईत? ज्येच्या हातात टमरेल हाय त्येला! टमरेल बघितलं की लोकं मान वळिवत्यात. तिनं बापाच्या हातात टमरेल दिलं.

"ह्ये कशाला?"

"धरा नुसतं. चाला."

आन् जादू झाली. गाव हंबीररावाकडं बघंना. पर दोन हजार पावलं म्हंजी वड्यापतूर तीनेक खेपा. सकाळी दोन, संध्याकाळी एक. तिसऱ्या दिशी रंगुबाई सुंठीची पूड घिऊन आली. जोतीराम वाण्यानं डाळिंबाची साल धाडली. चौथ्या दिशी तर चावडीम्होरं बसल्याल्या सगळ्यांसमोर गुंडाआप्पा मोठ्यानं वरडला, "हवालदार, घट झालं का न्हाई आजून?"

दोन लढाया बघितल्याला माणूस. त्येनं ते टमरेल असं भिरकावलं की जोतीरामाच्या पत्र्यावर जाऊन वाजलं. घरी आला आन् भिंतीकडं तोंड करून पडला. घडी घातल्याली वाकळ त्येनं परत पसरली. पाव-अर्धी करून जमवल्याली यादी एका टमरेलात बुडाली.

तिनं त्या रातीला सैपाक केला न्हाई. बापाच्या पायथ्याला बसून ऱ्हायली. सकाळी मातर म्हणली, "तात्या, मिलट्रीत चालताना कुणी इचारायचं का, कुठं निघाला म्हणून?"

भिंतीकडचं तोंड जरा हिकडं वळलं. मग हवालदार म्हणला, "पावलं मोजणाऱ्याला कोण बोलत न्हाई. मोजणी तुटती."

"मग मोजा की. मोठ्यानं."

झालं. दुसऱ्या दिशी हंबीरराव निघाला, रिकाम्या हातानं, छाती भायेर, नजर म्होरं. "एक, दोन, तीन, चार..." गुंडाआप्पानं वट्ट्यावरनं हाक मारली, "कुठं निघा..." हवालदारानं बोट वर केलं, थांब म्हणून, आन् "एकोणचाळीस, चाळीस" करत पुढं गेला. गुंडाआप्पाचं तोंड उघडं ते उघडंच.

पर गाव ते गाव. कोण खोकलं, कोण हसलं, एक म्हस आडवी आली, आन् मोजणी तुटली. मोजणी तुटली की हवालदार पाठी फिरून उंबऱ्यापास्नं परत एक. अर्धंमुर्धं त्येच्या रक्तात न्हवतं. एका सकाळी तो सहा बारीला उंबऱ्यावर आला. शेवटी त्येनंच तोड काढली. खिशात तंबाकूची पिशवी व्हती, पिशवीत चुन्याची डबी. शंभर पावलं झाली की जे समोर आसंल त्येच्यावर बोटानं चुन्याचा टिपका. मोजणी तुटली तर मागल्या टिपक्यापास्नं धरायची. उंबऱ्यापास्नं शंभरावर गुंडाआप्पाच्या गोठ्याची भिंत. दोनशेला चावडीचा कोपरा. मग लिंबाचं झाड, वड्यावरचा पूल, धुळाच्या हिरीचा काठ, असं करत उसाच्या बांधावरनं हजाराला धोंडीचा माळ. तिथनं माघारी. जाऊन-यिऊन दोन हजार. डाक्टरच्या चिठ्ठीबरहुकूम.

अंजना खूश झाली. दहा टिपकं, दहा पांढरं ठिपकं, तिला दिवाळीच्या रांगोळीगत वाटलं.

गुंडाआप्पाला ते रांगोळीगत वाटलं न्हाई.

हायवे रुंद झाला तवा उंब्रजला त्येच्या मेव्हण्याच्या पडवीवर असाच चुन्याचा टिपका आल्याला. टिपका आला आन् म्हयन्यात पडवी गेली. तवापास्नं गुंडाआप्पाला पांढरं काय दिसलं की तो बोटानं घासून बघायचा. त्येनं गोठ्यावरला टिपका बघितला, चावडीवरला बघितला, लिंबावरला बघितला, आन् टिपक्यामागनं टिपका करत माळापतूर गेला. परत आला तो पळतच.

"कॅनॉल!" चावडीत यिऊन त्यो म्हणला. "सरकारी कॅनॉल! आन् मोजणीला नेमलाय आपला हंबीरराव!"

"उगीच कायबी."

"उगीच? मिलट्रीचा माणूस. मोजून पाय टाकतोय. त्वांडानं आकडं म्हणतोय. बोलवलं तर बोलत न्हाई. का बोलत न्हाई? सांगायची परवानगी न्हाई! टमरेल घिऊन हिंडत व्हता ते बी उगीच न्हाई गड्या. वेश बदलून पाहणी चालल्याली!"

ह्येवर सगळ्यांनी माना डोलावल्या. धुळानं मातर दुसरीच शंका काढली. ते शहात्तर साल व्हतं, कुटुंब नियोजनाच्या गाड्या गावोगाव फिरत व्हत्या, आन् धुळाला पोरं सात. त्येच्या हिरीवर टिपका आला म्हणल्यावर तो चार दिस उसातनं भायेरच आला न्हाई. त्येची बायको भाकरी फडाच्या कडंला ठिवायची आन् मोठ्यानं म्हणायची, "कुत्र्याला टाकतीया गं!" पाचव्या दिशी कॅनॉलची बातमी पक्की झाली तवा कुठं तो भायेर आला.

आन् मग हवालदाराच्या घराला पाय लागलं. ज्येस्नी पाणी पायजे व्हतं ती सकाळी यायची, ज्येची जमीन जाणार व्हती ती दुपारी. कोण वांगी घिऊन यायचं, कोण भुईमुगाच्या शेंगा. "काय न्हाई, हवालदार, सहज आलो. आमचा बांध जरा वरल्या अंगाला हाय, ध्येनात असू द्या." हंबीररावाला काय कळायचं न्हाई. लोकं आली म्हणून तो उठून बसायचा, सदरा घालायचा, पाव्हणं-रावळं म्हणून चार शब्द बोलायचा. एका माणसाशी बोलणं लिवलं व्हतं, इथं दिसाला बारा व्हायला लागली.

आता खरं सांगायचं तर अंजनानं त्याच दिशी तोंड उघडायला पायजे व्हतं. गुंडाआप्पानं तिला हिरीवर गाठून इचारलं व्हतं, "अंजे, खरं सांग, कॅनॉलच न्हवं?" तिच्या जिभंच्या टोकावर आलं व्हतं, आप्पा, तात्यास्नी सकाळी उठवत न्हवतं, त्येचा ह्यो विलाज हाय. पर तसं म्हणलं की सांजच्याला गाव काय म्हणंल ते तिला ठावं व्हतं. हवालदाराचं डोकं फिरलंय. आन् मग शेंगा न्हाईत, माणसं न्हाईत, परत ती भिंत.

"तात्यास्नी सांगाय परवानगी न्हाई," अंजना म्हणली आन् घागर उचलून चालाय लागली.

चार शब्दांनी कॅनॉल खणला पोरीनं.

दोन दिसांनी हंबीरराव चालण्यावरनं परत आला तो लाल हून. चपला बी काढल्या न्हाईत.

"अंजे! माझं पाऊल केवडं?"

"तीस इंच. तुमीच सांगता."

"वीस वर्सं तीस इंच! मग गोठ्यावरला टिपका गेला कुठं? शंभराला भिंत कोरी! पयला टिपका त्र्याहत्तरला! त्येच्या म्होरला एकशे चाळीसला! माझं पाऊल चुकतंय व्हय?"

झालं असं व्हतं की गुंडाआप्पानं आपल्या गोठ्यावरला टिपका घासून काडून जोतीरामाच्या भिंतीवर लावला. जोतीरामानं तो काडून सोसायटीच्या दारावर लावला. ज्येस्नी पाणी पायजे त्येनी सोताच्या बांधावर चार-चार लावलं. चुन्याची डबी आता घरोघर झाली, तंबाकू न खाणारी माणसं बी चुना मागायला लागली. अंजनानं मोजलं तवा गावात त्रेचाळीस टिपकं भरलं. एक तर वळूच्या पाठीवर व्हता. कॅनॉल त्येच्यामागनं कुठं जाणार व्हता, सिद्धनाथालाच ठावं.

पर हंबीरराव! पाटं पाचला कुणी हाक न मारता तो ताडकन उठला. घडी, आंगूळ, दाढी, कडीपत्ता, सगळं वीस मिनटांत. "आज त्या टिपकंचोराला धरतोच," म्हणून मिशीला पीळ दिऊन भायेर. अंजना दारात उभी ऱ्हाऊन बघत व्हती. तिला रडू बी यायलं आन् हसू बी. डाक्टरनं चिठ्ठीत 'एका माणसाचा राग येणे' असं लिवलं असतं तर श्रावणातच बरं झालं असतं की!

तंवर तलाठी गंगाधरभाऊसायबांकडं सतरा अर्ज गेलं व्हतं. नऊ कॅनॉल यावा म्हणून, आठ येऊ नये म्हणून. साताऱ्याकडचा माणूस, चेहरा कायम एरंडेल घितल्यागत. त्येनं दप्तर धुंडाळलं, कॅनॉल सापडंना. पर आणीबाणीचा काळ. 'असं काय न्हाई' म्हणून लिवावं आन् खरंच निघालं तर नोकरी जायची. त्येनं वर लिवलं. वरच्यानं त्येच्या वर लिवलं. पंधरा दिसांनी उत्तर आलं ते चावडीत वाचून दावलं: "सदर टिपक्यांबाबत या कार्यालयास कोणतीही माहिती नाही. तरी पुढील आदेश होईपर्यंत सर्व टिपके जैसे थे ठेवण्यात यावेत. संबंधित इसमाचा जबाब घेऊन पाठवावा."

जैसे थे! गुंडाआप्पा म्हणला, "बघा, माहिती न्हाई म्हणत्यात म्हंजी किती गुप्त आसंल!" कोतवालाला टिपक्याच्या राखणीला बसिवलं. वळूला बी दोरीनं बांधून घातला, सरकारी टिपका हाय म्हणून.

आन् ह्याच ऐतवारी, तुळशीचं लगीन चार दिसांवर असताना, आत्तीनं पाव्हणं बोलवलं.

"आगं आण घितल्याली तू!" अंजना किंचाळली. "तात्या हिंडत्यात की!"

"हिंडतोय. हसला कुठं? दात दाव मला. आजून एक बी दिसला न्हाई. आन् बघून जातील नुसती. लुगडं नेस."

म्हसवडाकडनं आकारामभाऊ आला, संगं पोरगा नाथाजी आन् दोन मामा. नाथाजी बिचारा साऱ्या वेळात आपल्या चपलंकडंच बघत व्हता. अंजनानं पोह्याचं ताट आणलं, पाटावर बसली, आन् मनात ठरिवलं, सैपाक येतो का इचारलं तर न्हाई म्हणायचं, शिवण येतं का इचारलं तर न्हाई म्हणायचं. पर कुणी काय इचारीचना. आकारामभाऊनं तिच्याकडं धड बघितलं बी न्हाई.

"पोरगी पसंत हाय," त्यो म्हणला.

"आवं, तिला काय इचारा तरी," आत्तीच गांगरली.

"इचारायचं काय? हवालदारसायबांची लेक. आमाला काय बी नको. मान नको, पान नको." आकारामभाऊ म्होरं सरकला, आवाज बारीक केला. "फकस्त त्यो कॅनॉल तेवडा आमच्या अंगानं वळवा. तुमचं काय, तुमच्याकडं कृष्णामाई हाय. आमच्याकडं बहात्तरला हिरीत उतरून वाटीनं पाणी भरलंय. चार टिपकं म्हसवडाकडं टाकलं की झालं, पाव्हणं."

भायेर दारात गाव जमलं व्हतं. गुंडाआप्पा आगदी उंबऱ्यावर, धुळा त्येच्या खांद्यावरनं मान काडून. तेवढ्यात गर्दीतनं वाट काडत तलाठी भाऊसायब आलं, कागद घिऊन. जबाब घ्यायला ह्योच दिस सापडला.

अंजनाला पाटावर बसल्या-बसल्या सगळं दिसलं. ह्यो कॅनॉल तिनंच खणला व्हता, आन् त्यातनं आता तीच वाहत म्हसवडला चालली व्हती. तात्या गप ऱ्हायलं तर लगीन. तात्यांनी खरं सांगितलं तर साऱ्या गावादेखत अब्रू. तिच्या नाकाचा शेंडा पेटला. तिनं ताट सरकवलं आन् उठून सांगणारच व्हती की मी खोटं बोलले, तर बापानं बोट वर केलं. थांब.

"भाऊसायब, लिवा," हंबीरराव म्हणला. "कॅनॉल-बिनॉल काय न्हाई. त्यातलं दहा टिपकं माझं हायत, चुन्याचं. बाकीचं कुणाचं ते त्यास्नी इचारा."

"कशासाठी लावले?"

"पावलं मोजाय. रोज दोन हजार चालायची, डाक्टरनं सांगितलंय."

"कारण?"

हवालदारानं एकदा दाराकडं बघितलं, सगळ्या तोंडांकडं. घसा खाकरला.

"मला सकाळी उठवत न्हवतं. श्रावणापास्नं. दुखत-खुपत काय न्हाई, पर उठू वाटत न्हवतं, खाऊ वाटत न्हवतं, कुणाचं तोंड बघू वाटत न्हवतं. ह्या पोरीनं वाकळ वढून उठिवलं मला. रोज."

आकारामभाऊ म्हणला, "माणसाला उठवत न्हाई असं असतंय व्हय? आमी तीन दुष्काळ काडलं, रोज उठलो!"

"तुमी उठला, पाव्हणं. मी न्हाई उठलो. एवडंच."

तलाठी भाऊसायब कागदावर पेन धरून अडकलं व्हतं. "हवालदार, कारण काय लिहू मी?"

"उदास लिवा."

भाऊसायबांनी कागद वरपास्नं खालपतूर बघितला. पाठीमागनं बी बघितला. "त्याला रकाना नाही हो," ते अगदी रडकुंडीला यिऊन म्हणलं.

आन् दारातनं गुंडाआप्पाचा आवाज आला, "म्हंजी माझा गोठा ऱ्हातोय का?"

काय झालं कुणास ठाऊक. हंबीररावाच्या मिशा आदी थरथरल्या. मग खांदं. मग त्येच्या छातीतनं असं काय हसू आलं की पाटावरली पोह्याची बशी नाचली. दात तर दिसलंच, दाढा बी दिसल्या.

"हसलं!" अंजना वरडली. "आत्ती, हसलं! सिद्धनाथाची आण! मोज दात!"

आत्तीनं पदर तोंडाला लावला. रडायला लावला का हसायला, ते तिनं कवाच सांगितलं न्हाई.

पाव्हणं च्या पिऊन गेलं. कॅनॉल न्हाई म्हणल्यावर पोरीला सैपाक येतो का, ह्ये आकारामभाऊला जाता-जाता आठवलं. "न्हाई!" अंजना आतनं वरडली. गाव बी पांगलं. गुंडाआप्पानं जाताना सांगितलं, "आगूदर सांगायचं की रं हंबीर, मी बी आलो असतो चालाय," आन् वर म्हणला, "माझ्या शेंगा तेवड्या..." पर रंगुबाईनं त्येला सदऱ्याला धरून न्हेला. तलाठी भाऊसायब मातर दप्तर बांधायला लय येळ लावत व्हतं. सगळी गेल्यावर हळूच म्हणलं, "हवालदार, ती डॉक्टरांची चिठ्ठी... जरा उतरून घेऊ का? ऑफिससाठी." अंजनानं बघितलं, त्येनी ती सरकारी कागदावर न्हाई, सोताच्या खिशातल्या डायरीत उतरली.

दुसऱ्या दिशी सकाळी अंजना उठली न्हाई.

दोन म्हयनं पाटं उठायचं, वढायचं, भांडायचं, मोजायचं. आता तात्या आपलं-आपण उठत व्हतं, लगीन दोन वर्सं लांब गेलं व्हतं, शाळा तर नव्हतीच. तिनं डोळं उघडलं, छताचं आढं बघितलं, आन् करायचं काय ह्ये तिला आठवंना. कूस बदलली. भिंत समोर आली. भिंत काय वाईट नव्हती.

वाकळंचं टोक वढलं गेलं आन् अंजना भुईवर आली.

"एक लंबर," हंबीरराव वर उभा राहून चिठ्ठी वाचत व्हता. "आंथरूण."

"तात्या! मला काय झालंय?"

"मला तरी काय झालं व्हतं?"

ती तणतणत उठली. रागारागानं वाकळ गुंडाळून कोपऱ्यात टाकली. हवालदारानं ती उलगडून परत तिच्या हातात दिली. कोपऱ्याला कोपरा. तीन बारीला. मग आंगूळ, मग कडीपत्ता, मग उंबरा. "एक, दोन, तीन..." दोघं निघाली. वट्ट्यावरनं गुंडाआप्पानं तोंड उघडलं, दोन बोटं वर झाली, त्येनं तोंड मिटलं.

"शंभर!" हवालदार गोठ्याच्या भिंतीशी थांबला. कोतवालानं परत लावल्याला टिपका, जैसे थे.

"एकशे अठ्ठावीस!" अंजना फणकारली. "तुमचा टिपका चुकलाय."

"माझा न्हाई चुकला. तुजं पाऊल बारकं हाय."

"मग मी का म्हणून तुमच्या टिपक्यानं चालायचं?"

हंबीररावानं तिच्याकडं बघितलं. खिशातनं चुन्याची डबी काढली, झाकण उघडलं आन् तिच्या हातात दिली.

अंजना उंबऱ्यावर परत गेली. परत एक, दोन, तीन करत आली. शंभराला जे समोर आलं ते गुंडाआप्पाच्या घराचं नवं, निळ्या रंगाचं दार. तिनं डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं. गुंडाआप्पा वट्ट्यावरनं उठून आत गेल्याला, कोतवाल डुलक्या घेत व्हता. तिनं बोट चुन्यात बुडवलं आन् दाराच्या आगदी मधोमध एक टिपका दिला, चांगला रुपयाएवढा.

दोघं चावडीपतूर पोचली नसतील तोवर मागनं वरडणं आलं.

"हंबीरऽऽ! आता ह्यो कशाचा?"

अंजनानं बोट वर केलं आन् मोजत म्होरं गेली.